बाबा यंदा ‘चोर बीटी’ लावायचं म्हणतायत: कायदा, तूर आणि सरकीची पेंड (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरी करतो, शेती बाबा बघतात. अकोट तालुक्यात सात एकर, काळी जमीन, कोरडवाहू. चार एकरात पऱ्हाटी (कपाशी) आणि तिच्यात तुरीच्या ओळी, बाकी सोयाबीन. परवा फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, “यंदा ती तणनाशकाची सरकी लावतो.” म्हणजे एचटीबीटी, तणनाशक मारलं तरी न मरणारी, पण सरकारी मंजुरी नसलेली सरकी. आमच्या गावात तिला चोर बीटी म्हणतात. शेजारच्या काकांनी आमच्यासाठी आठ पाकिटं सांगूनही ठेवली आहेत.

बाबांचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणवत नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर दोन निंदणांत हातातला पैसा संपतो, आणि जुलैत आठ दिवस झड लागली की तण पऱ्हाटीच्या डोक्यावर. आईची कंबर त्यातच गेली. मी इथून “बेकायदेशीर आहे” म्हटलं की “मग ये तू निंदायला” हे उत्तर ठरलेलं.

तर विचारायचं असं. पकडलं गेलं तर नक्की काय होतं, आणि कोणाला, विकणाऱ्याला की लावणाऱ्यालाही? मधल्या तुरीचं काय करायचं? सरकीची पेंड आमच्याच दोन म्हशी खातात, त्यांच्या दुधाची काळजी करावी का? आणि यवतमाळला २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, ते डोक्यातून जात नाही. बाबा चप्पल आणि बनियनवर फवारतात. मास्क आणून दिला तर तो मोटरसायकलच्या आरशाला लटकलेला असतो.

बिल मिळेल का, असं मी विचारलं होतं. बाबा नुसते हसले.

---

धुऱ्यावरचा

भाऊ, म्या दोन साल लावली, खोटं कायले बोलू. पयल्या साली एक नंबर. निंदनाचा खर्च वाचला, घरचे लोकं खुश. दुसऱ्या साली दुसऱ्या माणसाकून पाकिटं घेतली, वरचं चित्र तेच. तणनाशक मारलं अन् सात-आठ दिवसांत ओळीतली निम्मी झाडं पिवळी पडून बसली. साधी सरकी मिसळेल होती. आता कोणाले धरतं? बिल नाही, लॉट नंबर नाही. देणारा म्हणे मी तुले ओळखतच नाही.

तुरीचं तं विचारूच नको. ते औषध पऱ्हाटी सोडून जे हिरवं दिसन ते मारते. तूर ठेवाची असन तं हे बियाणं नाही, हे बियाणं ठेवाचं असन तं तूर नाही. आमच्या इकडं कापसाले भाव नाही भेटला तं तुरीनंच घर चालते, हे बाबाले याद करून दे.

---

निवृत्त_कृषी

तुमच्या तालुक्यातच हा विषय पेटला होता. १० जून २०१९ ला अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी जाहीरपणे हीच सरकी लावली. पुढे गुन्हेही नोंदले गेले. म्हणजे “लावणाऱ्याला कोणी विचारत नाही” हे खरं नाही, फक्त बहुतेक वेळा धाड विकणाऱ्यावर पडते.

कायदा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालचे १९८९ चे नियम. जीईएसी, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयातली जनुकीय अभियांत्रिकीची मूल्यांकन समिती, तिच्या मंजुरीशिवाय असं बियाणं विकणं आणि लावणं दोन्ही बेकायदा. पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. जनविश्वास कायद्याने कैद काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून दंड दहा हजार ते पंधरा लाख केला. गावात अजून “पाच वर्षं आत” हेच ऐकू येतं. बियाणे कायद्याची कलमं विक्रेत्यावर वेगळी लागतात.

आता माझं मत. दंडापेक्षा मला मोठी वाटते ती धुऱ्यावरच्यांनी सांगितलेली गोष्ट. अधिकृत बीजी-२ च्या, म्हणजे मंजुरी असलेल्या बीटी सरकीच्या, ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या हंगामात ९०१ रुपये होती. त्याचं बिल आणि रिकामी पिशवी जपून ठेवली असेल, तर उगवण झाली नाही म्हणून तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, पंचनामा होतो. चोर बीटीत फसलेला माणूस तक्रार करायला गेला तर आधी तोच अडकतो. विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

आणखी एक गैरसमज. ही सरकी म्हणजे ‘पुढची बीटी’, तिला अळी लागत नाही, असं सांगून खपवतात. तणनाशक सहन करणारं जनुक वेगळं, अळी मारणारं वेगळं. आत बीटीची जनुकं असली तरी ती बीजी-२ चीच, २००६ पासूनची, आणि गुलाबी बोंडअळी त्यांना केव्हाच पचवून बसली आहे. डोमकळ्या (अळी लागलेली मिटकी फुलं) वेचणं, अळीच्या पतंगांसाठी कामगंध सापळे लावणं, फरदड न घेणं (हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी पुढे न ठेवणं), यातलं काहीही टळत नाही.

सरकारलाही मी मोकळं सोडत नाही. या तंत्रज्ञानाचा मंजुरीचा अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला, पण तोवर सरकी वावरात पोचली होती. बीटी वांग्याला जीईएसीने २००९ मध्ये हिरवा कंदील दिला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं, आजतागायत थांबलेलंच आहे. जनुक बदललेल्या मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. राष्ट्रीय धोरण करा, एवढं मात्र दोघांनीही सांगितलं. हो तर हो, नाही तर नाही असं वेळेत सांगितलं असतं, तर निदान तपासलेलं काहीतरी दुकानात बिलावर मिळालं असतं.

---

गोठ्यातली_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, पेंडीपुरतं बोलते. देशात अधिकृत बीटी कापूस २००२ पासून आहे आणि आज पिकणारा बहुतेक कापूस बीटीच आहे. म्हणजे तुमच्या म्हशी जनुक बदललेल्या सरकीची पेंड आधीपासूनच खातायत, आणि तुम्हीही सरकीचं तेल कशा ना कशातून खाल्लेलं आहे. बीटीचं प्रथिन जनावराच्या पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं. सरकीत मला भीती असते ती गॉसिपॉलची, आणि ते देशी सरकीतही असतं. लहान वासरांना सरकी घालू नका, गाभण म्हशीला बेतानं घाला.

तणनाशकाचा प्रश्न वेगळा ठेवा. या सरकीवर मारतात ते ग्लायफोसेट, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. अमेरिका आणि युरोपच्या नियामकांना ते पटलेलं नाही. तो वाद चालू आहे. पण आपल्याकडे ते मुळात चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेसाठीच मान्य होतं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ते फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरायचं. यवतमाळची घटना मात्र कीटकनाशकांची होती, तणनाशकाची नाही. बाबांच्या बनियनला तो फरक कळत नाही, हेही खरं. अंगभर कपडे आणि हातमोजे दोन्हीला लागतात.

---

मूळ धागालेखक

सगळ्यांचे आभार. कायद्याचं बाबांनी ऐकून घेतलं आणि “बरं” म्हणाले, म्हणजे काही फरक पडला नाही. तुरीचं सांगितल्यावर मात्र गप्प झाले. मग स्वतःच म्हणाले, “मागच्या साली तुरीनंच तारलं.” संध्याकाळी आईचा फोन, बाबांनी काकांना पाकिटं नको म्हणून सांगितलं.

निंदणाचं काय, हा प्रश्न उरलाच. कृषी विद्यापीठाच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की सरकी टोबल्यावर, उगवायच्या आत, पेंडीमेथॅलिन मारता येतं. ते तुरीलाही चालतं, फक्त जमिनीत ओल हवी. त्याने पहिले काही आठवडे तण दबतं. पुढच्या निंदणाचा अर्धा खर्च मी देणार, असं ठरलंय.

आता नवीन अडचण. ती आठ पाकिटं काका स्वतःच लावणार आहेत, आणि त्यांच्या-आमच्या वावरात एक धुरा (बांध) आहे, तोही हातभर. आमची तूर आणि सोयाबीन त्याच बाजूला येतं. त्यांच्या फवाऱ्याचं औषध वाऱ्याने उडून आलं तर? धुऱ्याकडून किती ओळी मोकळ्या सोडाव्यात, की तिकडे नुसती ज्वारी दाट पेरून आडोसा होईल? धुऱ्यावरचे, तुमचा अनुभव सांगा. आणि काकांशी हे बोलायचं कसं तेही सांगा, पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न आहे.