सांगाड्यांसमोर एआर: सुरुवात कुठून करावी?

रानपिंगळा: आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचं छोटं म्युझियम आहे. आसपासच्या शाळांची मुलं येतात, अजगराच्या सांगाड्यासमोर क्षणभर थबकतात आणि पुढे सरकतात. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी (एआर, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या वस्तूवर हलतं चित्र चढवून दाखवणं) वापरायचा विचार आहे. एका कंपनीने हॉलभर फिरणारा डायनासोर दाखवला, पण मनाला पटला नाही. बजेट बेताचं. कुणी चांगलं काम पाहिलंय का?

देवचाफा: डायनासोर नकोच. कपाटात नसलेला प्राणी पडद्यावर आणलात तर मुलं कपाटाकडे पाठ करतील. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमचं 2015 चं 'स्किन अँड बोन्स' अ‍ॅप अभ्यासा. त्यांनी सांगाड्यांचं जुनं दालन होतं तसं ठेवलं आणि 13 सांगाडे निवडून त्यांच्याच गोष्टी सांगितल्या.

तुमच्याकडे अजगर आहे म्हणजे सोनंच आहे! गिळताना त्याचा जबडा निखळतो असं सगळे सांगतात, ते खरं नाही. खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे हाडाने जुळलेल्या नसतात, मधले अस्थिबंध ताणले जातात. वरची दातांची हाडं एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची पुढे सरकवत तो भक्ष्यावर चढत जातो. काचेमागच्या स्थिर हाडांकडे बघून हे कसं कळणार? एवढं एकच दाखवा, वीस सेकंदांत.

स्प्रेकाठचा: शाळेच्या मुलांकडे फोन कुठून येणार? बर्लिनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये 2007 साली 'युरास्कोप' बसवले. दुर्बिणीसारखं यंत्र सांगाड्याकडे रोखायचं, की हाडांवर अवयव, स्नायू, कातडी चढत जाते आणि प्राणी हलू लागतो. तिथला एक सांगाडा 13.27 मीटर उंच आहे. डोळा बाजूला केला की खरी हाडं समोरच, त्यामुळे माझी मुलगी आलटूनपालटून दोन्हीकडे बघत होती. तुम्ही स्टँडवर घट्ट बसवलेला एक टॅब ठेवा.

कातरवेळ: टॅबला माझंही मत. काचेवर ट्यूबलाइट चमकली की कॅमेरा गोंधळतो, म्हणून सांगाडा ओळखायला लावू नका. शेजारी ठळक चित्राचा फलक लावा, ओळख त्यावरून होऊ द्या. आणि फाइल टॅबमध्येच ठेवा, नेटच्या भरवशावर राहू नका.

रानपिंगळा: सगळ्यांचे आभार. अजगर नक्की. एमएस्सीच्या दोघांना ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर शिकायची हौस आहे, जबड्याचं मॉडेल त्यांच्याकडे देतो. फलकावर एकच प्रश्न लिहीन: 'याच्या डोक्यापेक्षा मोठं भक्ष्य आत जातं कसं?' देवचाफा, कच्चं मॉडेल झालं की तुम्ही एकदा तपासून द्याल का?