'बाधित', 'संसर्गजन्य' आणि सीटी व्हॅल्यू

– एक शंका. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पेपरवाले 'बाधित' लिहितात, ते ठीक. पण त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होईल का, यासाठी शब्द काय? 'संसर्गजन्य रुग्ण' वाचलं की खटकतं. एका लॅबच्या माहितीपत्रकासाठी हवाय.

– खटकायलाच हवं. जन्य म्हणजे त्यातून झालेला, म्हणजे रोग संसर्गजन्य. माणूस 'संसर्गक्षम' म्हणा.

– संसर्गक्षम नको बुवा, परीक्षा पास झाल्यासारखं वाटतं 😀 'त्याच्याकडून लागू शकतं' असं सरळ लिहा की.

– शब्द कुठलाही घ्या, पण 'आरटीपीसीआर पॉझिटिव्ह'साठी तो वापरू नका. ती टेस्ट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, शोधते, निकामी विषाणूचे तुकडेसुद्धा तिला पुरतात, म्हणून कोविडमधून बरी झालेली माणसं कधीकधी काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहायची. जिवंत विषाणू आहे का बघायचं तर तो पेशींमध्ये वाढवून बघावा लागतो, म्हणजे कल्चर, आणि कोविडच्या कल्चरला बीएसएल-३, म्हणजे कडक सुरक्षेची लॅब लागते, ती काय कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीत नसते. मग सगळे सीटी व्हॅल्यूवरून अंदाज बांधत बसले.

– त्या सीटीने २०२१ ला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर धुमाकूळ घातला होता! एकाची सीटी व्हॅल्यू १८, दुसऱ्याचा सीटी स्कॅनचा स्कोअर १८, आणि काकालोक दोघांची तुलना करतायत. स्कॅनचा स्कोअर फुप्फुसांचा, २५ पैकी, जास्त तितका वाईट. पीसीआरची सीटी म्हणजे किती सायकलनंतर (दर सायकलला शोधायचा तुकडा साधारण दुप्पट होतो) सिग्नल दिसला, तिथे कमी आकडा म्हणजे विषाणू जास्त, साधारण ३.३ सायकलचा फरक म्हणजे दहापट.

– दहापट, पण त्या स्वॅबमध्ये! काडी नीट फिरवली नाही, किट बदललं, की आकडा बदलला. एप्रिल २०२१ मध्ये कटऑफ, म्हणजे कितीपर्यंतच्या सीटी व्हॅल्यूला पॉझिटिव्ह म्हणायचं ती मर्यादा, २४ वर आणायचा विषय निघाला तेव्हा आयसीएमआरने नाही म्हटलं, ३५ च ठेवा, नाहीतर रोग पसरवू शकणारे बरेच पेशंट सुटतील.

– एचआयव्हीत मात्र आकडा खरंच कामाचा. औषध नियमित चालू आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सतत २०० कॉपीज प्रति मिलीच्या खाली, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे आयुष्यभर 'बाधित', पण संसर्गक्षम नाही. दोन शब्द वेगळे पाहिजेतच.

– पटलं. मग पत्रकात 'बाधित' आणि 'इतरांना लागण करू शकणारा' असं लिहितो, आणि सीटीच्या पुढे 'व्हॅल्यू' शब्द कुठेही गाळत नाही.