'ड्राफ्ट्समन संपला' म्हणणाऱ्या साहेबांसाठी

भोसरीचा जुना बोर्ड
काल इथे एका साहेबांनी लिहिलं, "ड्राफ्ट्समन, म्हणजे यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढणारी जमात, संपली. थ्रीडी मॉडेल केलं की ड्रॉइंग आपोआप निघतं. दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षं फुकट घालवू नका, डिग्री करा नाहीतर कोडिंग शिका." खाली अंगठ्यांची ही रांग. रात्रभर डोक्यात भुंगा होता, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आपोआप निघतं, मान्य. तीन व्ह्यू निघतात, मापं पडतात. पण २५ मिमीच्या भोकाला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, काय द्यायचा, हे आपोआप कोण ठरवतं? शाफ्ट नेमका बसायचा असेल तर एच सेव्हन, म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. नुसता बोल्ट आरपार जायचा असेल आणि तरी एच सेव्हन ठोकला, तर रीमिंगचे, म्हणजे भोक घासून नेमकं करायचे, पैसे साहेबांच्या खिशातून जाणार का? मागच्या महिन्यात एका डिग्रीवाल्याचं मॉडेल आलं. ६० मिमी खोल पॉकेट, म्हणजे धातूत कोरलेला खळगा, आणि आतले कोपरे काटकोनी! अरे, तो खळगा कोरणारी एंडमिल गोल असते. ती कोपऱ्यात स्वतःची त्रिज्या ठेवूनच जाणार. स्क्रीनवर मात्र फार सुरेख दिसत होतं.

मी ८८ साली ट्रेसिंगवर, म्हणजे पारदर्शक कागदावर शाईने, काम सुरू केलं. शाईचा डाग पडला की ब्लेडने खरवडायचा, जरा जास्त खरवडला की कागदाला भोक आणि ती भली मोठी ए झीरो शीट पहिल्यापासून. त्या भीतीने माणूस रेघ मारायच्या आधी विचार करायचा. पुढे संगणकावर ऑटोकॅड आलं, थ्रीडी आलं, दोन्ही शिकलो. पेशा संपला नाही, पेन्सिल संपली.

हिंजवडी_रिटर्न
काका, भावना पोचल्या. आता पगाराचं बोला.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. नऊ वर्षं कॅटिया या डिझाईन सॉफ्टवेअरवर, तीही थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे काम कंपनीत, पगार दुसऱ्याकडून. कंपनीच्या माणसांच्या गळ्यात निळी पट्टी, आमच्या गळ्यात करडी. लिफ्टमध्ये लोक आधी पट्टी बघतात, मग तोंड. माझ्या ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक, तो कोपऱ्यातला नावांचा चौकोन, बघा कधी. 'ड्रॉन'पुढे माझं नाव आणि 'अप्रूव्ड'पुढे त्या पोराचं, ज्याला प्रोजेक्शन, म्हणजे कुठल्या बाजूचा व्ह्यू कुठे ठेवायचा, हे मी शिकवलं. त्याच्याकडे बीई आहे, बस. साहेब उद्धटपणे बोलले असतील, पण दार कुठे बंद होतं ते त्यांना ठाऊक आहे.

सांगवीकर
@हिंजवडी_रिटर्न मग थेट दुसऱ्या वर्षाला का नाही गेलात? आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात घेतात, डिप्लोमावाल्याला डिग्रीच्या. रस्ता आहे की.

हिंजवडी_रिटर्न
वडील गेले तेव्हा मी एकविसाचा होतो. रस्ता होता, पेट्रोल नव्हतं. अजून काही?

सांगवीकर
माफ करा. तरी रस्ता आहे, एवढंच म्हणायचं होतं.

नवी_सुरुवात_दहावी
नमस्कार. मला आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल घ्यायचंय. घरचे डिप्लोमाच म्हणतात. काय करू?

डेक्कनवाली
आधी त्या सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या क्लासवाल्यांबद्दल कोणीतरी बोला! भावाने एका ठिकाणी 'शंभर टक्के नोकरी'वाला कोर्स केला. तीन महिने, चार सॉफ्टवेअर, भिंतीवर लावण्याजोगं सर्टिफिकेट. पहिल्या मुलाखतीत हातात एक खराखुरा बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ भाग, आणि मोजायला व्हर्नियर दिला, म्हणाले, याचं फ्रीहँड स्केच काढा. त्याला आतला डाया कुठल्या जबड्याने मोजायचा तेही माहीत नव्हतं. नोकरीची हमी म्हणजे काय, तर एक फोन नंबर. तो उचलत नाहीत.

चाकणचा व्हेंडर
टायटल ब्लॉकचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका.

एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून वेल्डेड ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं, चाळीस नग. मूळ ड्रॉइंग अमेरिकेचं, म्हणजे थर्ड अँगल, उजवीकडून दिसतं ते उजवीकडेच ठेवायची पद्धत. यांच्या पोराने व्ह्यू होते तसेच उचलून कंपनीच्या शीटवर ठेवले आणि शीटच्या कोपऱ्यात कायमचा छापलेला फर्स्ट अँगलचा, म्हणजे नेमक्या उलट पद्धतीचा, शंकू हे चिन्ह. मी शंकू बघून चाळीसच्या चाळीस केले. गाडीवर लावायला गेले तर सगळे उलट हाताचे! भोकं डावीकडे हवी, ती उजवीकडे. महिनाअखेरीस बिलाऐवजी माझ्या हातात डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद.

चूक कोणाची? सांगाच.

भोसरीचा जुना बोर्ड
तुमची. पहिला नग करून दाखवायचा, मग बाकीचे एकोणचाळीस. हे माझ्या पहिल्या फोरमनने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

चाकणचा व्हेंडर
वा! शंकू त्यांचा, शीट त्यांची, 'अप्रूव्ड' त्यांचं आणि चूक माझी? गुरुवारी ड्रॉइंग, सोमवारी माल. पहिला नग दाखवायला त्यांचा माणूस कुठे होता? लग्नाला गेला होता.

हिंजवडी_रिटर्न
स्टेप फाइल, म्हणजे थ्रीडी मॉडेलच, मागायची ना. मॉडेल फिरवलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणजे शेवटी थ्रीडीच कामाला आलं, काका.

चाकणचा व्हेंडर
स्टेप मागितली की म्हणतात गोपनीय आहे. पीडीएफवर भागवा म्हणतात.

डेक्कनवाली
शंकू न तपासता ज्याने 'अप्रूव्ड'वर सही केली त्याची चूक. विषय संपला.

भोसरीचा जुना बोर्ड
विषय संपत नाही बाई. ज्याने व्ह्यू उचलून ठेवले, त्याने एकदा तरी हाताने दोन्ही पद्धतींत तोच जॉब काढला असता तर हात आपोआप थांबला असता. मी म्हणतो ते हेच.

सांगवीकर
म्हणजे सगळ्यांनी परत मिनी ड्राफ्टर घेऊन बसायचं? इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हीही बसलो होतो. अर्ध्या वर्गाने शीट खिडकीच्या काचेला लावून छापल्या. दोन्ही पद्धती काढल्या, एकही डोक्यात गेली नाही.

भोसरीचा जुना बोर्ड
तुम्ही छापल्यात म्हणून.

हिंजवडी_रिटर्न
काका, एक विचारतो, चिडू नका. तुम्ही रिटायर झालात तेव्हा हुद्दा काय होता?

भोसरीचा जुना बोर्ड
सीनियर ड्राफ्ट्समन.

एकोणीस वर्षं सीनियर ड्राफ्ट्समन. डिझाईन हेडची जागा दोनदा रिकामी झाली. दुसऱ्यांदा जो आला, तो पहिल्या दिवशी मला म्हणाला, "काका, तुम्ही सांगाल तसं करू." चांगला होता पोरगा. पण खुर्ची त्याची. झालं समाधान?

हिंजवडी_रिटर्न
नाही झालं. काम डोक्याचं आहे हे तुमचं बरोबर, आणि वरती जायला कागद लागतो हे त्या साहेबांचं. दोघंही अर्धेच बोलताय. आता मला शिव्या घाला.

चाकणचा व्हेंडर
माझे चाळीस ब्रॅकेट अजून शेडमध्ये पडलेत. कोणाला उलट हाताची गाडी करायची असेल तर सांगा.

नवी_सुरुवात_दहावी
काका, माझं राहिलं. आयटीआय की डिप्लोमा?

भोसरीचा जुना बोर्ड
अरे हो, तू राहिलासच. हे बघ, घरी तीन वर्षांचा खर्च झेपत असेल तर डिप्लोमा कर. झेपत नसेल तर आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, तिथे थोडा स्टायपेंड तरी मिळतो. पण आयटीआय केलंस तरी दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं डोक्यातून काढू नकोस. मी काढलं होतं. आणि अप्रेंटिस असताना टूलरूममध्ये जा, एसीत बसून राहू नकोस. एक सांग, फर्स्ट अँगलमध्ये उजव्या बाजूने बघितलेला व्ह्यू कुठे येतो?

नवी_सुरुवात_दहावी
डावीकडे.

चाकणचा व्हेंडर
या पोराला कोणीतरी माझ्या गिऱ्हाइकाकडे पाठवा रे.

नवी_सुरुवात_दहावी
यूट्यूबवर बघितलं होतं. पण काका, फॉर्मला डोमिसाइल लागतं का?