मदत हवी आहे: लांब केसांना मधला भांग की बाजूचा?

मैत्रिणींनो, जरा सल्ला द्या. माझे केस कमरेपर्यंत आहेत, सरळ पण पातळ. लहानपणापासून मधोमध भांग आणि तेल लावून घट्ट वेणी. आता मोकळे सोडले की डोक्यावर चप्प बसतात, दोन्हीकडे निम्मे निम्मे वाटले जातात आणि खाली नुसती शेपटी उरते. लांबी आहे, पण दिसतच नाही!

परवा भांग डाव्या भुवईच्या वर घेऊन बघितला. केस सवयीच्या उलट दिशेला पडल्यामुळे मुळाशी उचलले गेले, चेहराही जरा भरलेला वाटला. पण तासाभरात पुन्हा मूळच्या जागी! ओल्या केसांतच भांग पाडून पिना लावून वाळवले तर टिकेल का? तिरका किंवा नागमोडी भांग कुणी करतं का?

पार्लरवाल्या ताई लेयर्स कापा म्हणतात. मला भीती ही, की टोकं अजूनच विरळ होतील. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, बिघडलं तर वर्षानुवर्षं वाट बघा. त्यात आमच्या लातूरकडचं बोअरचं जड पाणी, केस धुतले तरी राठच.

आणखी एक, वर्षानुवर्षं एकाच जागी ओढून बांधल्यामुळे भांग रुंद झालाय असं वाटतंय. जागा बदलून, सैल बांधून कुणाला फरक पडला का?

पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे, पैठणी नेसणार आहे. अंबाडा घातला तर लांबी झाकली जाते, म्हणून अर्धे वर बांधून बाकीचे मोकळे ठेवावेत म्हणते. गजरा मग कुठं माळायचा?