पदकाआधी अंतिम फेरी

2024 चे पॅरिस ऑलिंपिक सुरू होण्याआधी, रोमानियाच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघाबद्दल हे लिहीत आहे. 'नादिया कोमानेचीचा (रोमानियाची विख्यात जिम्नॅस्ट) देश पॅरिसला येतोय म्हणजे सांघिक पदक नक्की' हे आपले मत मला पटत नाही. रोमानियाचे यश मलाही मनापासून हवे आहे. 1976 ते 2012 या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये त्यांच्या महिला संघाने पदक मिळवले हे खरे, पण त्यानंतर रिओ आणि टोकियो या दोन्ही वेळी त्यांचा संघ पात्रच ठरला नाही. आजच्या मुलींना ती परंपरा केवळ ऐकून माहीत आहे.

खरी अडचण अनइव्हन बार्सची, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवरील प्रकाराची आहे. तिथे त्यांच्या रचनांची काठिण्यपातळी अमेरिका किंवा चीनच्या तुलनेत कमी असते, आणि हँडस्टँड (हातांवर उलटे उभे राहणे) उभ्या रेषेपर्यंत पोचला नाही की दशांशादशांशाने गुण कापले जातात. पात्रता फेरीत प्रत्येक प्रकारात चौघींपैकी तिघींचेच गुण धरले जात असल्याने एखादी चूक झाकली जाते. अंतिम फेरीत मात्र तिघीच उतरतात, तिघींचेही गुण मोजले जातात आणि एका पडण्याने सरळ एक गुण जातो. त्यात बीमची, म्हणजे ज्या तुळईवर तोल सांभाळायचा तिची, रुंदी अवघी 10 सेंटिमीटर, हेही विसरू नये.

म्हणून पहिल्या आठांत येऊन अंतिम फेरी गाठणे हेच माझ्या मते या संघाचे मोठे यश ठरेल. वैयक्तिक पदकाची आशा मात्र मी नक्की धरतो, आणि तीही फ्लोअरवर (चटईवरील कसरतींच्या प्रकारात), कारण संघातील आना बार्बोसू आणि साब्रिना व्होइनेया या दोघींचेही कौशल्य तिथे सर्वाधिक खुलते.