शब्दचर्चा: विमानं 'साठवतात' का? (आणि 'निवृत्त', 'मोडीत' वगैरे)

अनुस्वार
एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय: २०२०च्या महासाथीत कंपन्यांनी आपल्या जुन्या प्रवासी विमानांचं काय केलं. मूळ लेखक दोन क्रियापदं अगदी काटेकोरपणे वेगळी ठेवतो. काही विमानं सेवेतून कायमची काढली, आणि काही वाळवंटात नेऊन ठेवली, पुढचं पुढे बघू म्हणून. मी पहिलीला 'निवृत्त केली' आणि दुसरीला 'साठवली' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही खोडून शेरा मारला, "निवृत्त माणूस होतो, साठवण धान्याची होते." 'निवृत्त'वर मी भांडेन. पण 'साठवली'ला पर्याय काय? 'उभी करून ठेवली' म्हटलं तर वाटतं, संध्याकाळी मालक येऊन घेऊन जाणार.

कोशकीटक
बाईंचं निम्मं बरोबर आहे. 'साठवणे'त थोडंथोडं करून जमवणं आहे. पाणी साठतं, पैसा साठतो, मनात राग साठतो. एकच एक वस्तू साठवत नाहीत. 'निवृत्त'ची गंमत वेगळीच. संस्कृतात नि + वृत् म्हणजे मागे फिरणे, परतणे. त्या हिशेबाने निवृत्त विमान म्हणजे परत आलेलं विमान! जर्मनीच्या लुफ्तान्झा कंपनीच्या ए-३८०, म्हणजे एअरबसच्या दुमजली विमानांना हा अर्थ तंतोतंत लागू पडतो. २०२०मध्ये ती ठेवून दिली, त्यातली बरीचशी स्पेनमध्ये तेरुएलला. कंपनीच्या बोलण्यावरून ती परत उडतील असं कुणाला वाटत नव्हतं. २०२३मध्ये त्यांतली काही पुन्हा प्रवासी घेऊन उडाली.

शुद्धमती
शासकीय मराठीत यासाठी नेमका शब्द उपलब्ध आहे: 'निर्लेखित करणे', म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकणे. जुनी यंत्रे, वाहने, फर्निचर निर्लेखितच करतात. दुसऱ्या अर्थासाठी 'जतन'. शब्द असताना ते न वापरता 'स्टोअरेज'ला प्रतिशब्द नाही म्हणून रडणे मला समजत नाही.

उगाचच
'निर्लेखित' वाचून मला वाटलं, शेपटीवरचं नाव खरवडून काढलं.

हँगरवाला
हसू नका, ते खरंच करतात. विमान विकायला किंवा तोडायला काढलं की कंपनीचं नाव आणि चिन्ह रंगाने झाकायचं. भंगारातल्या विमानावर आपलं नाव असलेला फोटो कोणत्याच कंपनीला नको असतो.

मी विमानदुरुस्तीत होतो, म्हणून थोडं लांब लिहितो. आमच्यात कुणी 'साठवलं' म्हणत नाही. 'पार्क केलं' किंवा 'स्टोअरेजला गेलं', बस. आणि साठवण म्हटलं की झाकण लावलं आणि विसरलो, असं वाटतं. इथे उलट आहे. इंजिनांची तोंडं आणि मागची बाजू बंद करायची, खिडक्यांना चकचकीत पत्रे लावायचे, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या. एकाच जागी वजन पडून टायर बसतात, म्हणून चाकं ठरावीक दिवसांनी थोडी फिरवायची. टाकीत थोडं इंधन ठेवायचं, नाहीतर वाऱ्याला वजन पुरत नाही. त्या इंधनात बुरशी वाढते, म्हणून तिला मारायचं औषध घालायचं. अधूनमधून इंजिन चालवायचं, पंखांचे फ्लॅप हलवायचे. उडणाऱ्या विमानापेक्षा उभ्या विमानाने मला जास्त रडवलंय.

वेग मोजणाऱ्या पिटो नळीत किडे घर करतात, तो तर वेगळाच ताप. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने ऑगस्ट २०२०मध्ये त्यावर खास सूचनापत्रक काढलं, कारण बरेच दिवस उभी राहिलेली विमानं उडाली की वेग चुकीचा दाखवत होती. त्याआधी जुलैमध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, तातडीचा आदेश काढला होता: बोइंग ७३७च्या जुन्या पिढ्यांतलं विमान सलग सात दिवस किंवा जास्त उभं असेल तर इंजिनातली एक झडप तपासल्याशिवाय उडवायचं नाही. ती गंजून अडकली तर दोन्ही इंजिनं बंद पडू शकतात. सात दिवस! 'निवृत्त' आणि 'उभं' यांच्यामध्ये एवढीच फट असते कधीकधी.

बांधावरून
मग शब्द आहे की. भाकड! गाय दूध देत नाही, पण चारापाणी चालूच. विकायची का ठेवायची हे पुढे ठरवायचं. व्याली की पुन्हा दुभती. हँगरवाल्यांनी वर्णन केलंय ते भाकड जनावराचंच. "कंपनीने चौदा विमानं भाकड ठेवली."

शुद्धमती
हा विनोद असेल तर ठीक. ग्रांथिक लेखात भाकड विमान?

बांधावरून
विनोद नाही. 'निर्लेखित' आमच्या घरात कुणाला कळणार नाही, 'भाकड' सगळ्यांना कळेल. तुमची मराठी फायलीत राहते, आमची गोठ्यात. दोन्हीकडे शेणच असतं म्हणा.

कोशकीटक
'भाकड' बहुधा संस्कृत 'बष्कयणी'शी जोडलेला असावा. वासरू मोठं झालेली गाय. मला तरी ही व्युत्पत्ती आवडते. सिद्ध करा म्हणू नका.

उगाचच
आवडते म्हणून खरी, ही तुमची जुनी पद्धत. मागच्या वेळी 'अडगळ'चं काय झालं होतं आठवतंय ना? तसा 'अडगळीत टाकली' हाही वाईट नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीची ए-३८० विमानं कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलला उभी होती, तिथे चाकांजवळ खुळखुळे साप (रॅटलस्नेक) येऊन बसायचे. इंजिनियर आधी पाय आपटत, मग झाडूचा दांडा टायरवर हाणत. साप निघाले की ती अडगळच.

अनुस्वार
खुळखुळे साप छान आहेत, पण मला अजून क्रियापद हवंय. 'ठेवणीत टाकली' चालेल?

कोशकीटक
ठेवणीतले कपडे आपण समारंभाला काढतो. ठेवणीत जाते ती चांगली वस्तू. ही विमानं चार इंजिनांची, इंधन पिणारी, आणि प्रवासी नाहीत. ठेवणीत कोण टाकेल?

हँगरवाला
टाकली की. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला सिंगापूर एअरलाइन्सची ए-३८० उभी होती, त्यांतली परत उडाली. तिथली हवा कोरडी, गंज कमी लागतो, म्हणून तर एवढ्या लांब नेतात. नुसती टाकून द्यायची तर कुठेही टाकता येतात.

शुद्धमती
पहिल्या प्रकारासाठी 'मोडीत काढली' सुचवते. निदान तो मराठी आहे.

उगाचच
मोडी लिपी मागे पडली, त्यावरून ना?

कोशकीटक
नाही हो! मोड म्हणजे दागिना किंवा भांडं मोडून उरणारा धातू, तो वजनाने विकायचा. विमानाला हे फार चपखल बसतं. म्हातारं विमान अख्खं विकण्यापेक्षा इंजिनं, चाकांचे सांगाडे, उपकरणं सुटी विकली तर जास्त पैसे येतात.

हँगरवाला
मान्य. पण सगळी निवृत्त विमानं मोडीत जात नाहीत. ब्रिटिश एअरवेजने जुलै २०२०मध्ये ३१ जंबो, म्हणजे बोइंग ७४७, एका फटक्यात बंद केले. त्यांतला एक इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड विमानतळावर उभा आहे, लोक त्यात पार्ट्या करतात. क्वांटासचा शेवटचा जंबो कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मोहावीला जाताना आकाशात कांगारूचा आकार काढून गेला. त्याला 'मोडीत काढला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला निवृत्तच म्हणा, बाईंना काय म्हणायचं ते म्हणू दे.

शुद्धमती
'एक जंबो उभा आहे'? विमान नपुंसकलिंगी. 'ते जंबो'.

बांधावरून
जंबो हे हत्तीचं नाव होतं ना, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या? मग तो जंबो.

कोशकीटक
पण मग ए-३८०ला काय म्हणाल?

हँगरवाला
आम्ही 'ती' म्हणायचो. 'ती आली का धुऊन?' असं.

शुद्धमती
हे इंग्रजीचं अनुकरण आहे.

हँगरवाला
इंग्रजी येत नसलेले हेल्परही म्हणायचे.

अनुस्वार
लेख आज रात्री द्यायचाय. तूर्त 'निवृत्त केली' आणि 'राखून ठेवली' असं लिहून पाठवतेय.

बांधावरून
राखून कुरण ठेवतात.