मदत हवी आहे: दोन फुटी टाकीत फायटरसोबत कोणते मासे चालतील?

आतेभावाने घर बदलताना त्याची माशांची टाकी माझ्या गळ्यात मारली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सोबत एक निळा फायटर (बेटा मासा) आणि बोटभर लांबीचा सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा). पाणी नव्याने भरलं. खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, अगदी स्वच्छ पाणी निघेपर्यंत. दुसऱ्याच दिवशी लेकीच्या हट्टापायी चार गप्पी आणले, चारही नर, कारण रंग काय तो नरांनाच.

आज बारावा दिवस. दोन गप्पी गेले. उरलेल्या दोघांपैकी एकाची शेपटी काल संध्याकाळी पंख्यासारखी होती, आज सकाळी बघते तर जुन्या केरसुणीसारख्या झिरमिळ्या झालेल्या. फायटर कल्ले फुगवून त्याच्या मागेच आहे.

लेकीला नारिंगी मासे हवेत, शिवाय एंजलची जोडी आणि दहा निऑन. मला फक्त कोणी कोणाला न मारणारी टाकी हवी आहे. कोण कोणासोबत राहील? आणि सकर आहे म्हणजे घाण तो साफ करेल ना?

प्रतिसाद १
शेपटी फायटरनेच फाडली असणार. गप्पीची लांब रंगीत शेपटी बघून त्याला वाटतं दुसरा नर फायटर आला. त्या दोन गप्पींना आजच वेगळं काढा, साधी बादली चालेल.
पण जे दोन गेले, त्यांच्या अंगावर जखमा होत्या का? की पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते?

प्रतिसाद २ (धागाकर्ती)
जखमा अजिबात नव्हत्या. वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. मला वाटलं भूक लागली, म्हणून आणखी खाणं टाकलं. :(

प्रतिसाद ३ (पुन्हा मीच, पहिलावाला)
मग ते दोन फायटरच्या खात्यावर टाकू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू राहतात कुठे, तर खडीत आणि त्या स्पंजात, जे तुम्ही नळाखाली धुतलंत. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. म्हणजे टाकी जुनी दिसली तरी पाण्याच्या हिशेबाने कोरी आहे. नव्याने बस्तान बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.
तोवर रोज पाव टाकी पाणी बदला, नव्या पाण्यात क्लोरीन काढायचं औषध घालून. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. स्पंज पिळायचा तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात. अमोनिया-नायट्राइट तपासायचं किट घ्या, दोन्ही शून्य दाखवेपर्यंत एकही नवा मासा नको. फायटर टुणटुणीत आहे म्हणजे पाणी चांगलं, असंही समजू नका. तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे बाकीचे मरतात तिथे तो तगतो.

प्रतिसाद ४
सकरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आज बोटभर आहे, नेहमीचा सकर फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. तुमची टाकीच एक फूट रुंद, त्याला वळताही येणार नाही. काचेवरचं शेवाळ थोडंफार खातो, पण स्वतः जेवढी घाण करतो ती बघितलीत तर ‘सफाई कामगार’ म्हणणं सोडाल. विष्ठेचे लांब दोरे लोंबत असतात. मोठी टाकी असलेल्या कुणाला देऊन टाका.
एंजलही नको. पर धरून उंची सहज १५ सेंमी जाते, आणि खडी टाकल्यावर तुमच्याकडे उंची उरते दहा इंच. वर निऑन म्हणजे मोठ्या एंजलच्या तोंडात मावणारा घास.

प्रतिसाद ५
माझ्याकडे फायटर आणि निऑन दोन वर्षं गुण्यागोविंदाने आहेत. उगाच घाबरवू नका त्यांना.

प्रतिसाद ६ (पहिलावाला)
असतीलही. माझ्या आधीच्या फायटरने गोगलगाईच्या मिशासुद्धा कुरतडल्या, आत्ताचा कोळंबीलाही हात लावत नाही. स्वभावाचा भाग आहे, म्हणूनच बाकीचे मासे आधी सोडायचे, फायटर शेवटी, म्हणजे टाकी आपलीच असा त्याचा समज होत नाही. वेगळी टाकी रिकामी ठेवायची तयारीही हवीच.
ताई, फायटर ठेवायचा हे नक्की असेल तर सोबती निवडताना बघायचं ते असं: लांब शेपटीचा नको, दुसऱ्याचे पर कुरतडणारा नको (टायगर बार्ब गोड दिसतो, पण महाखट्याळ), आणि गुरामीही नको, नात्यातलेच असल्याने दोघांचं हमखास वाजतं. तुमच्या टाकीत काठोकाठ साधारण ५५ लिटर, प्रत्यक्षात ४५ धरा. त्यात आठ-दहा एम्बर टेट्रा छान राहतील. जेमतेम २ सेंमीचे, आणि लेकीला हवा तोच नारिंगी रंग! फायटरला लागतं तसं २६ अंश पाणी त्यांनाही मानवतं. निऑनला त्याहून थोडं थंड बरं. दोन-तीनच आणून बघू असं करू नका, थवा छोटा असला की ते कोपऱ्यात दबून बसतात. तळाला काही हवंच असेल तर पिग्मी कोरी, सहा, पण मग टोकदार खडी काढून वाळू घालावी लागेल, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात. झाडं भरपूर लावा, नजरेआड झाला की फायटर पाठलाग सोडतो.

प्रतिसाद ७ (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. गप्पी सध्या बादलीत आहेत, शेजारणीकडे गप्पींचीच टाकी आहे, ती त्यांना घेतेय. किट आणलं, अमोनियाचा रंग चक्क हिरवा आला, म्हणजे पाण्यात तो आहेच, आजपासून पाणी बदलणं सुरू. एम्बर टेट्राचा फोटो लेकीला दाखवला, पास झाले. वाट बघायची म्हटल्यावर मात्र तिने कॅलेंडर आणून समोर ठेवलं. कोरी नंतर बघू.
भावाच्या मित्राकडे पाच फुटी टाकी आहे, तो सकर न्यायला तयार आहे. पण हा पठ्ठ्या लाकडाखालून निघतच नाही. जाळीने पकडू का?

प्रतिसाद ८
जाळी नको! त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना पर फाटतो. लाकूड हळूच उचला आणि काचेला चिकटला की प्लास्टिकचा डबा त्याच्यावर धरून मागून बोटाने ढकला.